पांढुरक्या पानांची झाडे : कमी पाण्यावरची अंगणातली बाग



ऊस, कांदा, डाळिंब यांवर आपण नेहमीच बोलतो. आज पिकाची गोष्ट नाही. आज बोलायचे आहे घरापुढच्या, शाळेपुढच्या, देवळापुढच्या चार हात जागेविषयी. तिथे दोन झाडे असावीत, आल्यागेल्याला बरे वाटावे, असे प्रत्येकाला वाटते. पावसाळ्यात रोपे लावलीही जातात. पण चैत्र-वैशाख आला की त्यांच्या काड्या होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तुम्ही म्हणाल, "साहेब, इथं प्यायच्या पाण्याची मारामार आणि तुम्ही बागेचं काय सांगता?" प्रश्न बरोबर आहे. माण, खटाव, सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण सगळ्यांनी पाहिले. अशा मुलखात फुलझाडांना रोज पाणी घाला असे सांगणारा माणूस शहाणा नव्हे. कारण ते पाणी डोक्यावरून आणते कोण? घरातली बाई, नाहीतर शाळेतली पोरं.

म्हणूनच आज अशा झाडांची माहिती देतो की ज्यांना पाणी थोडे लागते, खत थोडे लागते आणि निगाही थोडीच लागते. ही झाडे ओळखायची खूण सोपी आहे. त्यांची पाने गर्द हिरवी नसतात. राख फासल्यासारखी किंवा चांदीचे पाणी दिल्यासारखी पांढुरकी दिसतात.

आधी माझी चूक सांगतो

नोकरीला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका गावच्या शाळेपुढे बाग करायची ठरली. कमी पाण्यावर येतात असे पुस्तकात वाचले होते, म्हणून मी रोपवाटिकेतून पांढुरक्या पानांची वीस रोपे नेली. काळ्या जमिनीत हातभर खोल खड्डे घेतले. गुलाबाला भरतात तसे शेणखत भरले, वर चिमूटभर युरियाही टाकला. मृगात लावणी झाली. रोज एकेक तांब्या पाणी घालायचे, असे मुलांना बजावून आलो.

श्रावणापर्यंत रोपे तरारली. भाद्रपदात आठ दिवस पावसाची झड लागली. नंतर ऊन पडले आणि रोपांनी माना टाकल्या. मला वाटले, उन्हाने सुकली. मुलांना म्हणालो, "पाणी वाढवा." पंधरा दिवसांत वीसपैकी सतरा रोपे गेली. उपटून पाहिली तर मुळ्या काळ्या पडलेल्या आणि कुजकट वास येत होता.

कुंपणाशी एक आजी शेळ्या घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, बांधावरच्या रुईला कुणी पाणी घातलं व्हतं का?"

"नाही, आजी."

"मग तिच्यावाणीच पानं हाईत की ह्यांची. त्यांना कशाला पाजत बसला?"

कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढून जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते आजींनी एका वाक्यात सांगितले. आज मी जे सांगणार आहे त्याचा सगळा सार त्यांच्या त्या बोलण्यात आहे.

पान पांढुरके का दिसते?

बांधावर जा आणि रुईचे एक पान निरखून पाहा. पानावर मेणासारखा पांढरा थर असतो, कोवळ्या पानावर कापसासारखी लव असते. अंगठ्याने चोळले की थर निघतो आणि खालचे हिरवे पान दिसते. म्हणजे पान आतून हिरवेच आहे, पांढरेपणा वरच्या पांघरुणाचा आहे. (पान तोडले असेल तर चीक हाताला लागेल. तो हात डोळ्याला लावू नका.)

काही झाडांत हे पांघरूण मेणाचे असते, काहींत बारीक केसांचे, म्हणजे लवेचे असते. दोन्हींचे काम मात्र एकच. पांढरा रंग बराचसा उजेड परत फेकतो, त्यामुळे पान कमी तापते. उन्हाळ्यात आपण पांढरे धोतर, पांढरा पटका वापरतो, तसेच हे. शिवाय लवेमुळे पानालगतची हवा हलत नाही. पानाला श्वासाची बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी वाफ होऊन उडत असते. वारा थेट लागला नाही की हे उडणे मंदावते.

धनगराच्या घोंगडीचा अनुभव तुम्हाला आहेच. थंडीत ती ऊब देते आणि उन्हात अंगाला झळ लागू देत नाही. पानावरची लव म्हणजे झाडाने पांघरलेली घोंगडीच समजा. पण तीच घोंगडी पावसात भिजली तर काय होते? जड होते, लवकर वाळत नाही आणि दोन दिवसांत तिला वास सुटतो. लवदार पानांचेही तसेच आहे. पाऊस लागून राहिला, हवा कोंदट झाली की लवेत ओल धरून राहते आणि बुरशीला जागा मिळते.

ही झाडे उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यात मरतात

मंडळी, आजच्या पत्रकातली ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. यांतली पुष्कळशी झाडे मुळात कोरड्या, खडकाळ मुलखातली आहेत. अशा जमिनीत पाणी पडते आणि निथळून जाते, मुळाशी थांबत नाही. आपली काळी जमीन पावसात फुगते, चिकट होते आणि मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने भरते. मुळांनाही हवा लागतेच. ती मिळाली नाही की मुळे गुदमरतात आणि मग कुजवणारी बुरशी शिरते.

मूळ कुजले की वर पाणी चढत नाही आणि झाड सुकते. आपल्याला वाटते, तहानले. आपण आणखी पाणी ओततो आणि उरलेसुरले मूळही कुजते. हरभऱ्याची मर आणि आल्याची कंदकूज ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा झाड सुकलेले दिसले की आधी दोन बोटे मातीत खुपसून पाहा. माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे, पाणी द्या. माती ओली आहे आणि तरी झाड सुकते आहे, तर मूळ कुजते आहे. त्या वेळी एक थेंबही पाणी घालू नका. बुंध्याभोवतीची माती हाताने मोकळी करा, साचलेले पाणी चर काढून वाहून जाऊ द्या आणि बुंध्याला हवा लागू द्या. फार उशीर झाला नसेल तर झाड सावरते.

जागा आणि माती

पहिली गोष्ट, ऊन. निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडा. सावलीत ही झाडे जगली तरी उंच, लुळी होतात, पाने हिरवट पडतात आणि चांदी हरवते. कडुनिंबाच्या खाली किंवा घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत ती लावू नका.

दुसरी गोष्ट, निचरा. मुरमाड, बरड, दगडगोट्यांची जागा असेल तर तिला नावे ठेवू नका. दुसऱ्या कशाला न चालणारी ती जागा या झाडांना आवडते. जमीन काळी असेल तर खड्डा घेऊ नका. काळ्या रानातला खड्डा म्हणजे पाण्याची कुंडीच. खड्ड्याऐवजी जमिनीवर एक फूट उंच, तीन फूट रुंद गादीवाफा करा. त्यात दोन पाट्या मुरूम किंवा जाडी वाळू, एक पाटी माती आणि अर्धी पाटी चांगले कुजलेले शेणखत, या हिशेबाने मिश्रण भरा. वाफ्याच्या कडेला दगड रचले की माती वाहून जात नाही. वाफा बारा फूट लांब केला तर मुरूम-मातीच्या एका ट्रॉलीत असे दोन वाफे आरामात होतात.

तिसरी गोष्ट, सांडपाणी. मोरीचे पाणी फुकट जाते म्हणून ते बागेला सोडायची आपली पद्धत आहे. पद्धत चांगली आहे, पण ते पाणी केळ, अळू, कर्दळ यांना द्या. पांढुरक्या झाडांच्या मुळाशी रोज ओल राहता कामा नये, त्यात साबणाचे पाणी तर नकोच. मोरी घराच्या एका बाजूला असेल तर ही बाग दुसऱ्या बाजूला करा.

चौथी गोष्ट, खत. लावणीच्या वेळचे शेणखत पुरे. युरिया अजिबात नको. नत्र जास्त झाले की झाड भराभर वाढते, पाने मऊ आणि हिरवी येतात, मग मावा आणि पिठ्या ढेकूण हटकून येतो.

कोणती झाडे लावावीत?

*निर्गुडी :* ही आपल्या ओळखीची, ओढ्याकाठी उगवणारी. पानाची वरची बाजू हिरवी आणि खालची पांढुरकी. वाऱ्यावर पाने उलटली की सगळे झाड चांदीसारखे चमकते. फुलांचे तुरे निळसर जांभळे येतात. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला उत्तम. हिचा पाला धान्याच्या कणगीत घालायची जुनी रीत आपल्याकडे आहेच. या सगळ्या झाडांत ओल सोसणारी हीच, म्हणून काळ्या जमिनीवर पहिला मान हिचा. मृग-आर्द्रात पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे फाटे दोन-दोन फुटांवर खोचा. फाट्याचा दोनतृतीयांश भाग मातीत गेला पाहिजे. वर्षातून एकदा कंबरेएवढी छाटली तरी पुन्हा फुटते.

*ल्युकोफायलम :* रोपवाटिकेत याच नावाने मागा, काही ठिकाणी नुसते 'सिल्व्हर' म्हटले तरी देतात. हे झुडूप मूळचे अमेरिकेतल्या टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या मुलखातले. पाने लहान, राखाडी, मखमलीसारखी. उंची चार ते सहा फूट. हवेत दमटपणा आला किंवा एखादी सर पडून गेली की जांभळट गुलाबी फुलांनी झुडूप भरून जाते. चार-चार फुटांवर लावा. बहर ओसरल्यावर शेंडे हलकेच छाटा. खालच्या पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापू नका, तिथून लवकर फूट येत नाही. रोप करायचे तर अर्धवट पिकलेल्या फांदीचे बोटभर तुकडे वाळूत लावावेत. मुळ्या सावकाश फुटतात. दहातली पाच लागली तरी पुष्कळ समजा.

*दवणा :* चैत्रात जोतिबाला आपण जो दवणा वाहतो तोच हा. पान बारीक कातरलेले, राखी हिरवे, लवदार. वास तर सांगायलाच नको. हे हंगामी झाड आहे, साधारण चार महिन्यांचे. पावसाळा पूर्ण सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकावे. बी अगदी बारीक असते, म्हणून चाळलेल्या वाळूत मिसळून फेकावे आणि वर मातीचा जाड थर देऊ नये. बी ताजेच हवे, जुन्या बियाची उगवण फार घटते. रोपे असेपर्यंत झारीने हलके पाणी द्या, नंतर कमी करा. फुलोऱ्याच्या वेळी अवकाळी पाऊस झाला तर वास कमी भरतो.

*मरवा :* वेणीत आणि गजऱ्यात घालतात तो. पान लहान, राखाडी हिरवे, सुवासिक. कुंडीत, जुन्या डब्यात किंवा वाफ्याच्या कडेला छान येतो. थंडीत शेंड्याचे तीन-चार इंचांचे तुकडे लावले की जगतात. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली सरकवा, पण पागोळ्या कुंडीत पडू देऊ नका.

*सिनेरारिया :* याला डस्टी मिलर असेही म्हणतात. भूमध्य समुद्राकाठचे झाड. या सगळ्यांत पांढरेशुभ्र पान याचेच, जणू पीठ भुरभुरले आहे. पण आपल्या पावसाळ्यात ते टिकवणे कठीण. मी शाळेत गमावलेल्या रोपांत हीच जास्त होती. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास आणा, थंडीभर शोभा घ्या आणि हंगामी म्हणूनच धरून चाला.

*समुद्रशोक :* हा मोठा वेल आहे. पान तळहाताहून मोठे, हृदयाच्या आकाराचे, खालून रेशमासारखे रुपेरी. फुले जांभळट. मांडवावर किंवा गोठ्याच्या कुडावर चढवायला चांगला, पण दरवर्षी छाटावा लागतो, नाहीतर शेजारच्या झाडावर जाऊन बसतो. याचे बी विषारी आणि गुंगी आणणारे आहे. लहान मुले असलेल्या घरी बोंडे धरण्याआधीच काढून टाका.

*घायपात :* निळसर राखी, जाड, काटेरी पानांची. पाणी जवळजवळ लागतच नाही. बांधावर आणि कुंपणाच्या कोपऱ्यावर शोभते. मात्र पानाच्या टोकाचा काटा दाभणासारखा असतो. मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणि गोठ्याजवळ लावू नका. रस अंगाला लागला तर खाज सुटते.

आता एक सावधगिरीची सूचना. 'सिल्व्हर ओक' हे नाव ऐकून पुष्कळ जण ते झाड अंगणात लावतात. पानाची खालची बाजू रुपेरी असते हे खरे. पण ते ऑस्ट्रेलियातले उंच वाढणारे झाड आहे, चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात. फांद्या ठिसूळ, पानगळ भरपूर. घराच्या पत्र्याजवळ ते नको.

रुईविषयीही लोक विचारतात. देवाला पाने-फुले लागतात म्हणून परसात एखादी रुई किंवा पांढऱ्या फुलांची मांदार ठेवायला हरकत नाही. फक्त चिकापासून जपा. चीक डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा, घरगुती उपाय करत बसू नका.

लावणी आणि पाणी

निर्गुडीचे फाटे मृगात लावा. बाकी झाडांची घाई करू नका. आपल्या कोरड्या पट्ट्यात सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो. कोवळी रोपे त्या पावसात सापडली तर कुजतात. म्हणून हस्ताचा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून लावणी करा. थंडीभर मुळे खोल जातात आणि उन्हाळ्यापर्यंत झाड सावरते.

रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच खोल लावा. बुंध्याला मातीची भर नको. बुंध्याभोवती उसाचे पाचट किंवा ओला पालापाचोळा दाबून घालू नका. त्याऐवजी दोन बोटे जाड बारीक खडी किंवा दगडगोटे पसरा. खाली ओल टिकते, वर बुंधा कोरडा राहतो आणि तणही कमी येते.

पाणी पुढीलप्रमाणे द्यावे. जमीन, ऊन पाहून दिवस मागेपुढे करावेत.

पहिला महिना : दर चार दिवसांनी, झाडाला दोन-तीन तांबे.

त्यानंतर पहिल्या उन्हाळ्यापर्यंत : दर आठ-दहा दिवसांनी, झाडाला अर्धी बादली.

पहिला उन्हाळा : दर आठ दिवसांनी, अर्धी बादली.

दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात : दर पंधरा दिवसांनी, अर्धी बादली.

पावसाळ्यात : एकदाही नाही. महिनाभर पावसाने ताण दिला तरच एकदा.

पाणी बुंध्यापासून वीतभर दूर, मातीवर घाला. पानांवरून शिंपडू नका, घोंगडी भिजवायची नाही. थोडे थोडे रोज देण्यापेक्षा एकदा भरपूर देऊन मग थांबणे चांगले. त्यामुळे मुळे ओलीच्या शोधात खाली जातात. रोज थोडे दिले की वरच राहतात आणि एक दिवस चुकला तरी झाड कोमेजते.

आता हिशेब पाहा. गुलाब-जास्वंदीची दहा झाडे असतील आणि उन्हाळ्यात दिवसाआड प्रत्येकी पाच लिटर पाणी घातले, तर महिन्याला ७५० लिटर लागतात. पांढुरक्या पानांच्या दहा जुन्या झुडपांना पंधरा दिवसांनी पाच-पाच लिटर घातले तर महिन्याला १०० लिटर. दहा लिटरची कळशी धरली तर महिन्याला पासष्ट कळशा वाचल्या. टँकरच्या रांगेत उभी राहणारी माउली या पासष्ट कळशांचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त जाणते.

वीस फूट बाय दहा फुटांचे नमुना अंगण

मागच्या वीस फुटांच्या हद्दीवर निर्गुडीचे दहा-अकरा फाटे दोन-दोन फुटांवर लावा. तिच्यापुढे तीन फूट वाट सोडून बारा फूट लांब गादीवाफा करा. त्यावर मागच्या अंगाला ल्युकोफायलमची तीन झुडपे, पुढच्या कडेला मरवा. मध्ये रिकामी जागा राहील तिथे थंडीत दवणा टाका. दवणा निघाल्यावर ती जागा उन्हाळाभर मोकळी राहू द्या.

नुसते पांढरे पांढरे उदास दिसते, म्हणून अधूनमधून सदाफुली लावा. तिलाही पाणी थोडेच लागते. तिची हिरवी पाने आणि गुलाबी फुले या राखाडी पानांजवळ खुलून दिसतात. आणखी एक गंमत अशी की चांदण्या रात्री ही पाने अंधारातही उठून दिसतात. वाटेच्या दोन्ही कडांना मरवा लावला तर रात्री गोठ्याकडे जाताना वाटेची कड कळते.

ही चांदी आहे की रोग?

पान पांढरे दिसले की आपण चटकन गंधकाची पिशवी काढतो. जरा थांबा, आधी पाहून घ्या.

भुरी रोगात पांढरे ठिपके वेगवेगळ्या जागी येतात, पसरत जातात, पान वाकडे होते, पिवळे पडते. झाडाची स्वतःची चांदी मात्र सगळ्या पानांवर सारखी असते आणि कोवळ्या पानापासूनच असते. फुलकिड्यांनी खरवडले तरी कांद्याच्या पातीवर रुपेरी चट्टे पडतात. ते चट्टे ओबडधोबड असतात, त्यांत बारीक काळे ठिपके दिसतात.

या झाडांवर खरा चोर म्हणजे पिठ्या ढेकूण. तोही पांढरा आणि पानही पांढरे, म्हणून चटकन दिसत नाही. खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली, पान चिकट लागले तर फांदीच्या बेचक्यात पाहा. सुरुवातीला जुन्या दातांच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने खरवडून काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या पाण्याने तेवढाच भाग धुवा. जास्त लागलेली फांदी कापून जाळा. औषध फवारायची वेळ सहसा येत नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे सगळीकडे काळीच माती, मुरूम मिळत नाही. काय करावे?

उत्तर : विटांचे तुकडे, फुटकी कौले बारीक करून मातीत मिसळा आणि वाफा उंच ठेवा. तेही जमत नसेल तर फक्त निर्गुडी लावा. मरव्यासाठी जुने घमेले चालेल, पण तळाला चार-पाच भोके पाडा.

प्रश्न : दोन वर्षे पाने छान पांढरी होती, आता हिरवट होत चालली आहेत.

उत्तर : शेजारचे झाड मोठे होऊन सावली पडत असेल, नाहीतर खत-पाणी जास्त होत असेल. दोन्ही तपासा. पाणी निम्मे करा, नवी पाने पाहा.

प्रश्न : शेळ्या खातील का?

उत्तर : निर्गुडी आणि रुई सहसा खात नाहीत. बाकीच्यांना पहिले वर्षभर काटेरी फांद्यांचे आळे करा. कोंबड्यांपासून दवण्याला जपा, त्या वाफा उकरतात.

प्रश्न : यातून दोन पैसे मिळतील का?

उत्तर : खरे सांगायचे तर ही बाग पैशासाठी नाही. जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास दवण्याला मागणी असते, म्हणून जवळ बाजार असेल तर एक-दोन वाफे करून पाहावेत. निर्गुडीचे फाटे शेजाऱ्याला फुकट द्या, तो तुम्हाला मरवा देईल. एकदम मोठा खर्च करून रोपे आणू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. भरपूर ऊन आणि चांगला निचरा असेल तिथेच ही झाडे लावा.

२. काळ्या जमिनीत खड्डा नको, उंच गादीवाफा करा.

३. युरिया नको, मोरीचे पाणी नको, पानांवर शिंपण नको.

४. निर्गुडी मृगात, बाकीची झुडपे हस्त सरल्यावर.

५. झाड सुकले तर आधी मातीत बोट घाला, मगच कळशी उचला.

६. रुईचा चीक, समुद्रशोकाचे बी आणि घायपातीचा काटा यांपासून मुलांना जपा.

त्या शाळेत मी पुन्हा गेलो. आजींच्या सल्ल्याने मुरमाचा उंच वाफा केला, ऑक्टोबरात लावणी केली. आता तिथे उन्हाळ्यात मुले पंधरा दिवसांनी एकदा पाणी घालतात आणि बाकीचे दिवस खेळतात. ल्युकोफायलमची झुडपे मुलांच्या खांद्याला लागली आहेत. यंदा तुम्हीही घरापुढे एक वाफा करून पाहा आणि कसे झाले ते कार्यक्रमाला पत्राने कळवा. रोपे मेली तरी कळवा, म्हणजे कुठे चुकले ते आपण मिळून पाहू.